दोन फोन, एक गळा

दोन्ही फोन महिनाभर घरी वापरायचे आणि मग एक ठेवून दुसरा परत करायचा, अशी सोय दुकानानंच दिली होती. तरी शालन मुळीक काउंटरवरून हलेना. पलूसच्या दूध संकलन केंद्रावर फॅट तपासण्यात बावीस वर्षं गेलेली ही बाई. कुठलीही वस्तू घेताना तिच्या पोटात काय आहे ते आधी विचारायची. शेजारच्या खुर्चीवर तिचा नवरा जोतिराम बसला होता. उजवा हात मांडीवर, नजर समोरच्या दोन डब्यांवर.

कृष्णाकाठच्या चार तालुक्यांत जोतिराम मुळीकचं नाव ज्याला माहीत नाही, तो माणूस कुस्तीच्या मैदानाला कधी गेलेलाच नसणार. तीस वर्षं तो मैदानांचं निवेदन करत होता. हलगी थांबून त्याचा आवाज सुरू झाला, की पाच-दहा हजार माणसं एका नजरेनं मातीकडं बघायची. कुठल्या पैलवानाचा वस्ताद कोण, त्याच्या आज्यानं कुठल्या साली कुणाला आस्मान दाखवलं, सगळं तोंडपाठ. आणि एका सकाळी दात घासता घासता त्याला झटका आला. डॉक्टरांनी जीव वाचवला. पाय महिन्यात चालू लागला, हातही बराचसा सुधारला. वाचा मात्र परतली नाही.

"याला वाचाघात म्हणतात," मगदूम मॅडमनी शालनला समजावलं होतं. त्या मिरजेला अशा रुग्णांवर वाचा-उपचार करायच्या. "शब्द गेलेले नाहीत. शब्दापासून जिभेपर्यंतचा पूल वाहून गेलाय. पूल गेला तरी पलीकडचं गाव असतंच ना? मेंदू दुसरीकडून पायवाट पाडतो. पण त्या वाटेवर रोज ये-जा पाहिजे, आणि ती पहिल्या सहा-आठ महिन्यांत. पुढं जमीन घट्ट होते. तुमचे तीन महिने गेले."

काउंटरपलीकडच्या मुलीचं नाव मिस्बाह मुजावर. वय पंचवीस-सव्वीस. ती फक्त वाचा गेलेल्यांसाठीच्या फोनांचं काम बघायची.

"काकी, ही गळपट्टी दोन्ही फोनांना सारखीच," तिनं बोटभर रुंदीची मऊ पट्टी शालनच्या हातात दिली. "आपण बोलायचं मनात आणलं, की मेंदूकडनं गळ्याच्या आणि जबड्याच्या स्नायूंना विजेचे बारीक ठोके जातात. तोंडातनं आवाज निघाला नाही तरी ठोके जातात. पट्टी ते टिपून फोनला देते. फरक आहे तो इथनं पुढं. हा झेफा अकरा. काकांचे ठोके तुटक येतात, तर हा मधल्या जागा भरून अख्खं वाक्य जुळवतो आणि काकांच्याच आवाजात बोलतो. मैदानांच्या जुन्या चित्रफिती द्या, आवाज हुबेहूब येईल. आणि हा तिमो. हा स्वतः बोलत नाही. काका अडले की आठ सेकंद थांबतो आणि कानात फक्त पहिलं अक्षर सांगतो. पुढचा शब्द काकांनी काढायचा."

"मग त्यात फोननं काय केलं?"

मिस्बाह हसली. "वाट बघितली, काकी."

निघताना तिनं एवढंच बजावलं, की महिन्यानंतर जो ठरेल तोच धरायचा. आज हा, उद्या तो असं केलं तर फोनला गळा कळत नाही आणि गळ्याला फोन.

घरी आधी झेफाच सुरू केला. हुबेहूब आवाज सोडून दुसरा आधी कोण उघडणार? तेजलनं, त्यांच्या मुलीनं, चाकणहून वडिलांच्या सव्वाशे मैदानांच्या चित्रफिती पाठवल्या. दोन दिवस फोन त्या गिळत बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी शालन मेथी निवडत होती. जोतिराम समोर खाटेवर, गळ्यात पट्टी. त्याच्या घशाची घाटी जराशी हलली, आणि खिशातून आवाज आला, "शालन, मेथी कोवळी आहे गं. कुणाकडनं घेतलीस?"

शालनच्या हातातली जुडी हातातच राहिली. पदर तोंडाला लावून ती रडली, मग हसली, मग कुणाकडनं घेतली ते सांगितलं.

दुपारपर्यंत गल्लीतली निम्मी माणसं येऊन गेली. तेजल फोनवर चाळीस मिनिटं बोलली आणि शेवटी म्हणाली, "आई, दुसरा डबा उघडूच नको. हाच घ्यायचा."

आठवडा सुखात गेला. शालनला अशा सुखाची सवय नव्हती. जोतिराम नवरा म्हणून वाईट नव्हता. हात उगारला नाही, कधी पिऊन आला नाही. पण त्याचा आवाज मैदानाचा होता. मैदानाच्या आधी दोन दिवस तो घसा राखायचा, नंतर दोन दिवस घसा बसलेला असायचा, आणि मधले दिवस तालमीत जायचे. घराच्या वाट्याला 'हूं' आणि 'वाढ' यायचं. आता तोच आवाज म्हणायचा, "दमलीस का? बस जरा." म्हणायचा, "तू जेवलीस? मग मी एकट्यानं कसं जेवू?" पस्तीस वर्षांत कुणी तिला असं विचारलं नव्हतं. केंद्रावरून परत येताना तिची पावलं भराभर पडू लागली. एकदा तर घराबाहेरच्या नळाच्या पाण्यानं तोंड धुऊन, केस सारखे करून ती आत गेली.

दहाव्या दिवशी तिनं आमटी वाढली. जोतिरामनं एक घोट घेतला, कपाळाला आठी घातली आणि वाटी सरकवली. फोन म्हणाला, "तुझ्या हातच्या आमटीची चव कुठंच नाही बघ."

जोतिरामनं चमकून खिशाकडं पाहिलं. शालननं आमटी चाखली. मीठ घालायचंच राहिलं होतं.

तिनं मिठाचा डबा पुढं केला आणि काही झालंच नाही असं दाखवलं. पण दुसऱ्या दिवशी केंद्रावर एक नमुना तपासता तपासता ती थांबली, बाजूला जाऊन तिनं मिस्बाहला फोन लावला. "पोरी, एक सांग. ह्या बोलण्यात दूध किती आणि पाणी किती?"

मिस्बाहला प्रश्न लगेच कळला. तिनं दुकानातून नोंदी उघडून बघितल्या. "शंभर शब्दांतले एकोणीस काकांच्या ठोक्यांतनं आलेत, काकी. उरलेले झेफाचे."

"आणि ते गोड कसे असतात सगळे?"

"त्याला लाखो घरांतली बोलणी शिकवलीत. त्यातनं तो अंदाज बांधतो. आणि पट्टीवरच्या बारीक कॅमेऱ्यातनं त्याला समोरच्याचा चेहरा दिसतो. ऐकणारा खूश झाला, बोलणं पुढं चाललं, की तो समजतो आपलं बरोबर आलं. मग पुढच्या वेळी तसंच बोलतो." मिस्बाहनं जोडलं, "म्हणजे काकी, निम्मं तुम्हीच त्याला शिकवलंय."

शालननं संध्याकाळी दुसरा डबा उघडला.

तिमोचे दिवस जड गेले. जोतिरामला पाणी हवं असायचं, ओठ जुळायचे, कपाळाची शीर फुगायची, आठ सेकंद जायचे, कानात 'पा' यायचं आणि तो 'पा, पा, पापड' म्हणून स्वतःवरच चिडायचा. पाणी हवंय हे दिसत असूनही द्यायचं नाही, शब्द येईपर्यंत थांबायचं, असं मगदूम मॅडमचं सांगणं. शालन तांब्या हातात धरून उभी राहायची आणि तिलाच घाम फुटायचा. तिसऱ्या दिवशी त्यानं पट्टी काढून अंगणात भिरकावली. तिनं ती उचलून, पुसून परत आणली. पाचव्या दिवशी 'पाणी' चाळीस सेकंदांत आलं. सहाव्या दिवशी 'हो' कशाचीही मदत न घेता आलं. घर पुन्हा गप्प झालं होतं. तेजल फोनवर रडली. "तो आवाज मला पोरी म्हणायचा, आई. तू ते बंद करून टाकलंस."

अशात वाघजाईवाडीचे विलासतात्या आले. ते यात्रा कमिटीचे अध्यक्ष होते. झेफाची कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"जोतिबा, रविवारी मैदान हाय. तुझ्याबिगर मैदानाला चव न्हाई. फोन बोलू दे की, आवाज तर तुझाच!"

शालन म्हणाली, "अहो, आवाज तुमचा असला तरी शब्द तुमचे नसतात त्यात."

जोतिरामनं तिच्याकडं पाहिलं. मग उठून कपाटातून झेफाचा डबा स्वतःच्या हातानं काढला आणि विलासतात्यांसमोर ठेवला. त्याच्या डोळ्यांतली मैदानाची ओढ बघून शालन चहा टाकायला आत गेली.

रविवारी चार वाजता मैदान भरलं. शालन व्यासपीठाच्या मागच्या बाजूला बसली होती. फोन माइकला जोडला होता आणि जोतिराम फेटा बांधून खुर्चीवर होता. पहिल्याच जोडीला आवाज घुमला, आणि लोक उठून उभे राहिले. वंशावळी, वस्ताद, जुने डाव, सगळं जसंच्या तसं. जोतिरामचा चेहरा उजळला. दीड तास सगळं झकास चाललं.

शेवटून दुसरी कुस्ती विराज घोरपडे आणि समाधान खोत यांची होती. विराज मोठ्या तालमीचा, नावाजलेला. समाधान जवळच्याच एका वाडीचा, घरची म्हसरं राखून तालीम करणारा. अकरा मिनिटं दोघंही हटेनात. मग विराजनं घिस्सा ओढला आणि समाधान पाठीवर गेला. पण पडता पडता त्यानं मान आणि टाचा मातीत रोवून अंग कमानीसारखं वर उचलून धरलं. डावा खांदा मातीपासून चार बोटं वर राहिला, म्हणजे कुस्ती अजून चितपट झालेली नव्हती. पंच पलीकडच्या बाजूला होते. ही चार बोटं दिसत होती फक्त व्यासपीठावरून.

जोतिराम ताडकन उठला. त्याचा हात वर गेला, घसा फुगला, आणि कर्ण्यांतून आवाज कडाडला, "चितपट! घिस्सा डावावर विराज घोरपडे विजयी!"

हलगी सुरू झाली. पोरं मातीत उतरली. पंचांचा हात आपोआप वर गेला.

जोतिरामनं गळ्यातली पट्टी ओढून काढली आणि तो ओरडला. पण त्याच्या तोंडातून निघाला तो नुसता "अ... अ..." आणि तो हलगीत बुडून गेला. समाधान खोत मातीतच बसून होता. पंचांकडं नाही, विराजकडं नाही, तो निवेदकाकडं बघत होता.

काय झालं ते मिस्बाहनं नंतर फोनवर सांगितलं. सव्वाशे मैदानांत असा घिस्सा बसल्यावर, डाव मारणारा नावाजलेला पैलवान असताना आणि लोकांचा गलका उठल्यावर, जोतिरामनं दहातल्या नऊ वेळा 'चितपट' म्हटलं होतं. झेफानं तेच म्हटलं. दहावी वेळ त्याला ओळखता आली नाही, कारण ती ओळखायची खूण जोतिरामच्या तुटक ठोक्यांतच होती, आणि ते ठोके अंदाजापुढं फिके पडले.

दोन दिवस जोतिराम नीट जेवला नाही. तिसऱ्या सकाळी त्यानं तिमोची पट्टी आपणहून गळ्यात बांधली, वर्तमानपत्रातला मैदानाचा फोटो शालनपुढं धरला आणि बोट समाधानवर ठेवलं. मग दाराकडं दाखवलं.

विजेवरच्या एसटीनं पाऊण तासाचा रस्ता. समाधान गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होता. दोघांना बघून त्यानं हात धुतले, पण बसा म्हटलं नाही. त्याची आई बाहेर आली, तिनं सतरंजी टाकली.

"कशाला आलासा काका?" समाधान म्हणाला. "निकाल झाला. पेपरात आला."

जोतिराम उभाच होता. ओठ हलले. काही आलं नाही. समाधान वाट बघत राहिला, मग त्यानं नजर फिरवली. शालनला वाटलं आपणच सांगून टाकावं. तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"टे..." जोतिराम म्हणाला. "टे... टे..."

म्हशीनं शेपटी झटकली. समाधानची आई चहा टाकायला वळली होती, ती दारातच थांबली.

"टेक... टेकला... न... नाही."

समाधाननं मान वर केली. मग त्याचा चेहरा रागानं लाल झाला. "मग तवा का बोलला न्हाईसा? माइक तुमच्या म्होरं हुता! समद्या मैदानानं ऐकलं, जोतिराम मुळीक चितपट म्हणला!"

"अरं बाबा, तो फोन..." शालननं सुरुवात केली. जोतिरामनं हात करून तिला थांबवलं. आता त्याला घाम आला होता. तो जबडा वळवत होता, शब्द चुकत होता, मान हलवून तो टाकून देत होता, पुन्हा शोधत होता. कानात अक्षर आलं असावं, कारण त्याचे डोळे एकदम स्थिर झाले.

"मी," तो म्हणाला. "मी... न... नव्हतो."

समाधानची आई हळूच म्हणाली, "बसा की पावणं."

"कमिटीम्होरं बोलाल हे?" समाधाननं विचारलं.

"हो." हे लगेच आलं.

शुक्रवारी कमिटीच्या बैठकीत जोतिरामनं तेच तीन-चार शब्द पुन्हा काढले. पाच मिनिटं लागली. विलासतात्यांनी दोनदा घड्याळात पाहिलं, एकदा म्हणाले, "कळलं, कळलं, जोतिबा," पण तो वाक्य पुरं केल्याशिवाय बसला नाही. पंचांनी कबूल केलं, की आपण खांदा पाहिलाच नव्हता. निकाल फिरवून कुस्ती बरोबरीत सोडली, आणि दसऱ्याला तीच जोड पुन्हा लावायचं ठरलं. विराजची माणसं चिडून निघून गेली. पुढच्या मैदानाला निवेदनासाठी दुसरा माणूस बघायचं विलासतात्यांनी तिथंच सांगून टाकलं. ते वावगंही नव्हतं.

परतताना एसटीत गर्दी नव्हती. जोतिराम खिडकीपाशी होता. गेले कित्येक दिवस शालनच्या मनात एक गोष्ट होती, आणि ती विचारायला याहून बरी जागा तिला सुचेना.

"अहो," ती समोर बघतच म्हणाली, "त्या फोनमधनं तुम्ही मला विचारायचा. दमलीस का, जेवलीस का. ते तुमच्या मनातलं होतं का?"

'हो' हा शब्द त्याला आता सहज येत होता. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं, आणि तिनं ते मानूनही घेतलं असतं. जोतिराम बराच वेळ गप्प राहिला. तो शब्द शोधत नव्हता, हे तिला त्याच्या गळ्याकडं बघून कळत होतं.

"नाही," तो म्हणाला.

शालननं मान डोलावली. बाहेर ऊस मागं पळत होता. तिला रडू आलं नाही. नमुना तपासल्यावर आकडा कळावा तसं वाटलं. आकडा कमी होता, पण खरा होता.

दोन थांबे गेले. शेजारी काहीतरी हललं. जोतिरामचा जबडा पुन्हा वळत होता, पट्टीखालची शीर उडत होती. "ह..." तो म्हणाला. "ह... हव... हवं..." त्यानं डोळे मिटून घेतले. पुढचा शब्द यायला त्याला गाडीनं पूल ओलांडेपर्यंतचा वेळ लागला. "होतं."

काय हवं होतं, ते शालननं विचारलं नाही. पलूस येईपर्यंत तिचा हात त्याच्या उजव्या हातावर होता. हे त्यांनी गाडीत कधी केलं नव्हतं.

महिना सोमवारी संपला. सकाळीच तेजलचा फोन आला. "आई, नीट विचार कर. तुला घरात गप्प माणूस चालेल, तुला सवय आहे. मला बाबांचा आवाज पाहिजे."

"आवाज हाच आहे, तेजल," शालन म्हणाली. "उशिरा येतो. तू फोन केलास की ठेवायची घाई करू नको, मग येतो."

दुकानात मिस्बाहनं झेफा परत घेतला आणि पडद्यावर काहीतरी उघडलं. "काकी, यात एकेचाळीस तासांचं बोलणं साठलंय. तुम्हाला ठेवायचं असलं तर तुमच्या जुन्या फोनवर उतरवून देते. नाहीतर पुसायला लागेल."

शालननं डब्याकडं पाहिलं. एकेचाळीस तास. कुणालाही न दाखवता, कधीतरी दुपारी एकटीनं ऐकता आले असते. मेथी कोवळी आहे गं. दमलीस का. तिनं जोतिरामकडं पाहिलं नाही, कारण हे त्याला विचारायचं नव्हतं.

"पूस," ती म्हणाली.

मिस्बाहनं बोट दाबलं. काही आवाज झाला नाही. शालननं झेफाच्या डब्याचं झाकण स्वतःच्या हातानं लावलं.

"आता काकांची संमती," मिस्बाह म्हणाली. "ज्याच्या गळ्यावर पट्टी लागणार त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, असा नियम आहे. काका, तिमो तुमच्या नावावर करू?"

जोतिराम पुढं झाला. 'हो' म्हटलं असतं तर काम तिथंच संपलं असतं. पण त्याचे ओठ 'हो'सारखे झाले नाहीत. ते मिटले, उघडले, पुन्हा मिटले. त्याला काहीतरी लांबलचक सांगायचं होतं. मागं रांगेत चार माणसं उभी होती. एकानं घसा खाकरला. दुसरा म्हणाला, "मॅडम, होय धरा आणि उरका की."

मिस्बाहचा हात बटणाकडं जाऊ लागला. शालननं काउंटरवरून वाकून तो धरला.

"थांब," ती म्हणाली. "ते बोलतायत."